सासूबाईंची बॅटरी

माझा व्यवसाय सांगितला की लोकांचा माझ्याबद्दल गैरसमज होतो. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, गिझर, इस्त्री, पाण्याचा पंप, काहीही विकत आणलं की खोक्यात तळाशी एक पातळ पुस्तिका असते आणि लोक ती न उघडता खोक्यासकट माळ्यावर टाकतात. ती मी लिहिलेली असते. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, याला यंत्रातलं कळतं. घरच्यांना तसं वाटत नाही. घरात दिवा गेला तर बायको आधी मला खुर्चीवर बसवते, मग स्वतःसाठी स्टूल आणते.

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. त्यांची ती छोटी पांढरी गाडी, शेजारच्या सीटपाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक आणि क्लच, मागच्या काचेवर 'शिकाऊ' अशी पाटी. शहरातले निम्मे लोक त्या गाडीत घाम गाळून बाहेर पडलेत. मलाही त्यांनीच शिकवलं. त्याविषयी त्या कधी बोलत नाहीत. मनाच्या मोठ्या आहेत.

सत्तरी ओलांडली तरी त्या गाडी चालवत होत्या. भाजी, डॉक्टर, मैत्रिणी, सगळीकडे गाडी. मग एके दिवशी पडद्याच्या कड्या बसवायला स्टुलावर चढल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडून घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण वेळ लागेल आणि तोवर जिना नको. सासूबाईंचं घर वरच्या मजल्यावर, म्हणून त्यांनी मुलाकडे राहायचं ठरलं. माझा मेहुणा दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशाच वेळी प्रश्न विचारायची त्याला सवय आहे. त्याचं घर तळमजल्यावर. दवाखान्यातून निघायच्या दिवशी आम्ही सगळे खोलीत जमलो होतो. औषधं, वॉकर, कपड्यांची पिशवी, कोण काय घेणार हे चाललं होतं. माझी बायको औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे गोळ्यांचा ताबा तिच्याकडे.

सासूबाई पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. सगळं ठरल्यावर म्हणाल्या, "आणि बॅटरीचं काय?"

"कसली बॅटरी?" मेहुण्याने विचारलं.

"गाडीची. नुकतीच नवी घातलीय. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी मरते. कोणीतरी बघायला हवं."

बायकोने भावाकडे पाहिलं. भावाने बहिणीकडे पाहिलं. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"हा बघेल," बायको म्हणाली.

"भाऊजीच बघतील," मेहुणा म्हणाला. "त्यांनी तर चार्जरची पुस्तिका लिहिलीय."

इतक्या वर्षांत सासरच्या माणसाने माझ्या एखाद्या पुस्तिकेचा उल्लेख केला ती ही पहिली वेळ. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागत नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आई, तुम्ही निर्धास्त राहा."

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चौकात गाडी बंद पाडणाऱ्याकडे पाहावं तसं. मग उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

गाडी त्यांच्या इमारतीच्या मागे असते. तिथे चार शटरं आहेत, त्यातलं तिसरं त्यांचं. ते अर्ध्यावर अडकतं, म्हणून वाकून आत जावं लागतं आणि निघताना आपण वाकायचं विसरतो. आत रबराचा आणि जुन्या तेलाचा वास, भिंतीला लागून शिकवणीचे प्लॅस्टिकचे शंकू एकात एक घालून ठेवलेले, आणि गाडी.

माझी योजना साधी होती. दर रविवारी जायचं, गाडी चालू करायची, पाच मिनिटं इंजिन ऐकायचं, बंद करायचं. इंजिनाची घरघर सुरू झाली की बॅटरीच्या पोटात घास जातोय असं मला वाटायचं. बाहेर पडताना मी बॉनेटवर थाप मारायचो, आणि गाडी कुठे सरकू नये म्हणून हँडब्रेक आणखी जरा वर ओढून ठेवायचो. परतल्यावर मेहुण्याला फोन करून कळवायचो की बॅटरी ठणठणीत आहे. तो नुसता "बरं" म्हणायचा. मला वाटायचं, कामात असेल.

पुढे एका रविवारी किल्ली फिरवली तर गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली तर तेवढंही म्हणाली नाही.

झालं होतं असं की आधीच्या रविवारी माझ्या पायाने शंकू पडले आणि व्यवस्थितपणाची हौस म्हणून मी ते डिकीत ठेवले. एक शंकू जरा वर आला होता. डिकीचं झाकण त्याच्यावर टेकलं, लागलं नाही. आतला छोटा दिवा आठवडाभर त्या शंकूंना उजेड देत बसला.

शेजारच्या शटरमध्ये एका फुलवाल्याची व्हॅन असते. त्याने आपल्या व्हॅनला वायरी लावून गाडी चालू करून दिली. डिकीतला दिवा पाहून तो हसू आवरत आवरत निघून गेला, आणि मला त्याचा राग आला, कारण मीही तेच केलं असतं.

घरी येऊन मी ठरवलं की आता शास्त्रशुद्ध काम करायचं. चार्जर विकत आणला. नेमका त्याच कंपनीचा, ज्याची पुस्तिका मी लिहिली होती. खोकं उघडलं, पुस्तिका काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं लिखाण गरज म्हणून वाचायला बसलो. 'दीर्घकाळ उभे वाहन' असं एक प्रकरणच होतं. त्यातलं पहिलं वाक्य असं: 'वाहन दीर्घकाळ अचल अवस्थेत ठेवावयाचे असल्यास अल्पकालिक प्रज्वलनाचा अवलंब कटाक्षाने टाळावा.'

मी ते दोनदा वाचलं. मग बायकोला हाक मारली. ती दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते. मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली तरी ती त्यातून गोळीचं नाव काढेल. तिने वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"अल्पकालिक प्रज्वलन म्हणजे काय?" तिने विचारलं.

"मला वाटतं, जवळपास काडी पेटवू नये."

"थोडा वेळसुद्धा?"

"थोडा वेळसुद्धा."

ती पुढे वाचू लागली. "'ऋणाग्र-विलगीकरण संपन्न होईपर्यंत धनाग्र-विलगीकरण आरंभ करण्यापासून परावृत्त राहावे.' अरे, हे काय आहे? हे कोणी लिहिलंय?"

"कंपनी लिहून घेते कुणाकडून तरी," मी म्हणालो.

तिने पुस्तिका उलटी करून मागचं पान पाहिलं. तिथे नाव नसतं. या धंद्यात देवाने केलेली ती एक कृपा.

त्या वाक्याचा मी जो अर्थ लावला तो घेऊन दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. शटरच्या आत विजेचा प्लग नाही, म्हणून बॅटरी काढून घरीच न्यावी लागणार होती. माझ्या समजुतीप्रमाणे आधी अधिक खुणेची वायर सोडवायची होती. नटाला पाना लावला, जोर केला, पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं आणि निळी ठिणगी उडाली. मी मागे झालो, म्हणजे वर झालो, आणि वर बॉनेट होतं.

डोकं चोळत बसलो असताना ते वाक्य मला समजलं. वजा आधी काढायची, अधिक नंतर. लावताना उलट. एवढंच. आणि ते समजल्याबरोबर अल्पकालिक प्रज्वलनही समजलं. गाडी उगाच पाच-पाच मिनिटं चालू करू नये. चालू करायला बॅटरीतून जितकं जातं तितकंही एवढ्या वेळात परत भरत नाही. म्हणजे दर रविवारी मी बॅटरीला घास भरवत नव्हतो, तिच्याच ताटातला उचलून नेत होतो. आणि हे मला माहीत होतं. मी ते छापून दिलं होतं, हजारो प्रतींत, कोणालाही कळणार नाही अशी पुरेपूर काळजी घेऊन.

बॅटरी जड असते हे मला वजन लिहिताना माहीत होतं, उचलताना नव्हतं. मी बाजाराची चाकांची पिशवी नेली होती. बॅटरी तीत उभी ठेवली आणि गल्ल्यांमधून घराकडे निघालो. पदपथावर समोरून येणाऱ्या एका आजींना वाटलं, आत बाळ आहे; त्या कौतुकाने बाजूला झाल्या आणि आत डोकावल्या. त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या वळणावर पिशवीचं एक चाक निखळलं आणि राहिलेलं अंतर मी बॅटरी पोटाशी धरून चाललो. तो शर्ट धुतल्यावर पोटावर चाळणी झाली. आम्लाबद्दलचा इशारा पुस्तिकेत चौथ्या पानावर आहे. तिथवर मी वाचलं नव्हतं.

बाल्कनीत लाकडी फळीवर बॅटरी ठेवली. वजा-अधिक तीनदा पाहून चार्जर जोडला. आधी लाल दिवा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हिरवा झाला तेव्हा मी ऑफिसातून बायकोला फोन करून हिरवा झाला का हे विचारत होतो. तो चार्जर हुशार आहे, बॅटरी भरली की स्वतःच थांबतो आणि गरज पडली की थोडं थोडं देत राहतो. माझ्यासाठी करायला काहीच उरलं नाही, म्हणून मी एक मीटर आणला आणि रोज सकाळी बॅटरीचा विद्युतदाब मोजू लागलो.

"मला ताप होता तेव्हा तू थर्मामीटर शोधत होतास," बायको म्हणाली. "दोन दिवस."

"तो सापडला ना."

"मला सापडला. तापात."

मग ती दारातच थांबली आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "एवढं कशाला करतोयस? टिकली तर टिकली. नाही टिकली तर कोणी तुला काही बोलणार नाही." मला तिचा प्रेमळपणा वाटला. मी सांगितलं, काळजी करू नकोस, मी दमलो नाहीये.

पुढच्या शनिवारी आम्ही मेहुण्याकडे गेलो. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, बायको त्यांच्याकडे गेली. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर मेहुणा तिथे चहा करत होता.

"काय भाऊजी, बॅटरी मेली का?" त्याने विचारलं.

लोक असं काळजीने विचारतात. त्याने आशेने विचारलं. पण ते माझ्या नंतर लक्षात आलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मेली होती. वाचवली. आता फुल्ल आहे. नवीकोरी असल्यासारखी."

त्याने गॅस बारीक केला. चेहरा असा झाला की जणू एक्स-रेमध्ये नको ते दिसलंय. "भाऊजी," तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगतो, रागावू नका. आईने आता गाडी चालवू नये असं आम्हाला वाटतं. मला आणि ताईला."

"मग त्यांना तसं सांगा."

"तुम्ही सांगून बघा एकदा." तो थांबला. "सांगायची कोणाची हिंमत आहे? आम्ही विचार केला, गाडी चालू झालीच नाही तर विषय आपोआप मागे पडेल. नवी बॅटरी आणू, उद्या आणू, परवा आणू, असं करता करता तिला सवय होईल."

"पण बॅटरी तर तुम्ही माझ्याकडे सोपवलीत. सांभाळायला."

मेहुणा चहा ढवळू लागला. चहा उतू जायला आला तेव्हा त्याने गॅस बंद केला. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"माझ्याकडे सोपवली," मी म्हणालो, "कारण मी ती मारेन अशी तुम्हाला खात्री होती."

"खात्री असं नाही. अंदाज."

"ताईचाही?"

"कल्पना ताईचीच."

मी पाणी न पिताच बाहेर आलो. अपमान झाला की माणसाने तडक निघून जावं, पण चप्पल सासूबाईंच्या खोलीच्या दारापाशी होती. दार उघडं होतं. बायको औषधांचा डबा भरायला बाहेर गेली होती. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर शिवणयंत्राचं जुनं पायपॅडल होतं, कुठल्याही यंत्राला न जोडलेलं. त्या डावा पाय त्याच्यावर ठेवून दाबत होत्या, सोडत होत्या. दाबताना ओठ घट्ट मिटत होते.

"या जावईबापू," त्या पाय न थांबवता म्हणाल्या. "बॅटरी कशी आहे?"

प्रत्येक भेटीत त्यांचा हाच पहिला प्रश्न असायचा. त्यांचा पाय कसा आहे हे आम्ही विचारायच्या आत.

"चांगली आहे," मी म्हणालो. आणि मला राहवलं नाही. "आई, तुमच्या मुलांना ती चांगली राहायला नको आहे."

"माहीत आहे."

"त्यांनी मला मुद्दाम निवडलं."

"तेही माहीत आहे. दवाखान्यात दोघांनी एका सुरात तुमचं नाव घेतलं तेव्हाच कळलं. लहानपणी काच फोडली की असेच एका सुरात बोलायचे."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

सासूबाईंनी पाय थांबवला. मी मनात जरा तयार झालो. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार. माझ्या चिकाटीबद्दल वगैरे.

"त्या दोघांना नाही म्हणता येतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येत नाही. मला असाच माणूस हवा होता."

मी चप्पल पायात घातली आणि पुन्हा काढली. "पण आई, त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही. पाय—"

"त्यांना जे वाटतं ते वाटू दे. मला चालवता येतंय की नाही ते मला गाडीत बसल्यावर कळेल. खुर्चीत बसून नाही कळणार, आणि मुलाच्या स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. त्यासाठी गाडी चालू व्हायला हवी. एवढंच तुमचं काम."

बायको आणि मी घरी निघालो. मग ती म्हणाली, "त्याने सांगितलं ना तुला."

"हो."

"मी तुला वेंधळा समजते असं नाही."

"मग?"

तिने खूप प्रामाणिकपणे विचार केला. तिचा हाच त्रास आहे. "समजते," ती म्हणाली. "पण वाईट अर्थाने नाही. आणि मला भीती वाटते रे. ती एकटी कुठल्या तरी चौकात असेल आणि पाय उठणार नाही, हे रोज डोळ्यांसमोर येतं."

मला स्वतःलाही ती भीती वाटत होती. तरी घरी गेल्यावर मी मीटर घेऊन बाल्कनीत गेलो. तत्त्वासाठी किंवा सासूबाईंच्या स्वातंत्र्यासाठी लढत होतो असं म्हणायला मला आवडेल. खरं कारण असं की माझ्या हातून बॅटरी मरणार यावर दोन शिकलेली माणसं विसंबून होती आणि मला त्यांना तोंडावर पाडायचं होतं.

डॉक्टरांनी जिना चढायची आणि गाडीत बसायची परवानगी दिली त्या आठवड्यात सासूबाई स्वतःच्या घरी परतल्या, आणि रविवारी सकाळी काठी टेकत खाली उतरून शटरपाशी उभ्या राहिल्या. आम्ही तिघं आधीच तिथे होतो, अडकणारं शटर जोर लावून पूर्ण वर ढकललं होतं. मी बॅटरी बसवली. आधी अधिक, मग वजा. ठिणगी उडाली नाही. मेहुणा हाताची घडी घालून पाहत होता. सासूबाई चालकाच्या जागेवर बसल्या, काठी मागे दिली, आरसा नीट केला आणि किल्ली फिरवली.

पहिल्या फटक्यात इंजिन चालू झालं. मी मेहुण्याकडे पाहिलं. असं पाहायची संधी मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही, म्हणून जरा जास्तच वेळ पाहिलं.

सासूबाईंनी हँडब्रेक खाली केला, गियर टाकला, क्लच सोडला. गाडी जोरात कण्हली आणि जागची हलली नाही.

"जावईबापू," काच खाली करत त्या म्हणाल्या. "हँडब्रेक ओढून ठेवला होतात का?"

"हो. गच्च. सरकू नये म्हणून."

"इतके महिने?"

"दर रविवारी आणखी थोडा."

"मग मागचे ब्रेक चाकांना चिकटलेत. गाडी बरेच दिवस ठेवायची तर गियरमध्ये ठेवायची, चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. हँडब्रेक ओढायचा नाही."

मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खूप प्रेमाने ठेवला, तेच जास्त लागलं. "तरी म्हटलं," तो म्हणाला, "भाऊजी असताना असं कसं झालं."

सासूबाईंनी मात्र आशा सोडली नव्हती. "सगळे आत बसा," त्यांनी फर्मावलं. "वजन हवंय." बायको शिकवणाऱ्याच्या सीटवर बसली, दुसऱ्या ब्रेकपाशी. मी आणि मेहुणा मागे, गुडघे तोंडाशी घेऊन. सासूबाईंनी गाडी पहिल्या गियरमध्ये जरा पुढे रेटली, मग मागच्या गियरमध्ये मागे, पुन्हा पुढे. दरवेळी इंजिन गुरगुरायचं आणि आमची डोकी एकमेकांवर आपटायची. मग मागून 'खाड्' असा आवाज आला, आधी उजव्या बाजूने, मग डाव्या, आणि गाडी उजेडात बाहेर पडली.

आम्ही इमारतीभोवतीच्या रस्त्याने निघालो. सुरुवातीला गाडी दर दहा-बारा हातांवर गचकन थांबत होती.

"ब्रेक कोण दाबतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"सहज पाय लागला," बायको म्हणाली.

"तुला भीती वाटत असेल तर उतर. नाहीतर पाय सीटखाली घे."

बायकोने पाय आत घेतले आणि सीटची कड दोन्ही हातांनी धरली. त्यानंतर मात्र गाडी छान चालली. सासूबाई आरशात पाहत होत्या, वळायच्या आधी खूण करत होत्या, शाळेच्या भिंतीपाशी वेग कमी करत होत्या. मेहुणा खिडकीतून बाहेर पाहत होता, पण त्याचा उजवा पाय सारखा खालची चटई दाबत होता.

परतीच्या वळणावर दुकानाच्या आवारातून एक मालवाहू टेम्पो मागे न पाहता उलटा आला. सासूबाईंचा ब्रेक वेळेवर लागला. गाडी टेम्पोच्या बरंच अलीकडे थांबली. पण डावा पाय क्लचवर पोचायला उशीर झाला आणि गाडी एक उडी मारून बंद पडली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. सासूबाईंनी लगेच पुन्हा चालू केली, बॅटरीने काही कुरकुर केली नाही, आणि आम्ही गॅरेजपाशी परत आलो.

त्यांनी गाडी बंद केली. कोणी उतरेना.

"डावा पाय उशीर करतोय," सासूबाई म्हणाल्या. "शिकवणीचं पोर असतं तर मी परीक्षेला पाठवलं नसतं."

इतके महिने हेच वाक्य ऐकायला धडपडणारा माझा मेहुणा पुढे वाकून म्हणाला, "आई, इतकं काही वाईट नव्हतं. टेम्पोवाल्याचीच चूक होती."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "टेम्पोवाला नेहमीच असतो."

बायको रडत होती. का ते तिलाही सांगता आलं नसतं. सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर थापटलं आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पायाला अजून वेळ हवा. तोवर बॅटरी काढून घरी नेऊ नका. दोन-तीन दिवसांआड या, मला शेजारी बसवा आणि चांगली तासभर गाडी फिरवा. लांब. तिला तेच लागतं, आणि मलाही जरा बाहेर पडायला मिळेल."

तसं सुरू झालं. मी चालवायचो, सासूबाई दुसऱ्या ब्रेकपाशी बसायच्या. डावा पाय त्या त्यांच्या बाजूच्या क्लचवर ठेवायच्या आणि मी गियर बदलला की माझ्याबरोबर दाबायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, पायाचा व्यायाम चाललाय. आठवड्याभराने लक्षात आलं की त्या माझ्या आधी दाबतायत, कारण मी उशीर करत होतो. नदीच्या बाजूने, मालधक्क्याच्या मागून, नव्या वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही फिरायचो. त्या फार बोलत नसत. कधी म्हणायच्या, "तो सायकलवाला दिसला का?" मी म्हणायचो, "हो." त्या म्हणायच्या, "आता दिसला."

पुढे एका सकाळी त्यांनी मला सांगितलं की आज जागा बदलू. गर्दीचा चौक, चढ, उलटं वळण, सगळं त्यांनी करून पाहिलं. मी ब्रेकला पाय लावला नाही. लावायची वेळ आली नाही असं मी सांगत असतो. खरं म्हणजे मला दोनदा तसं वाटलं, पण दोन्ही वेळा मी ब्रेक नक्की कुठे आहे ते शोधत होतो तोवर त्यांनी सगळं सांभाळलं होतं.

त्यानंतर त्यांनी मुलांना जेवायला बोलावून सांगितलं की रात्री आणि पावसात गाडी चालवणार नाही, लांब जाणार नाही, आणि दर वर्षी डोळे आणि पाय तपासून घेईन. "आणि जेव्हा नाही जमणार तेव्हा मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही बॅटरी मारायची गरज नाही." मेहुण्याने ताटात पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आणखी भात वाढून घेतला.

पहिल्यांदा त्या एकट्या निघाल्या त्या दिवशी त्यांना चष्मा आणायला जायचं होतं. मला शटर उघडायला बोलावलं होतं. मी पोचलो तर बायको तिथे होती, दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन. तिने सांगितलं, सहज आले. थोड्या वेळाने मेहुणाही आला. त्याचा एक पेशंट आला नव्हता म्हणे. सासूबाईंनी तिघांकडे पाहिलं, गाडी बाहेर काढली आणि गेल्या.

"वळणावर हॉर्न दिला नाही तिने," बायको म्हणाली.

"रस्ता रिकामा होता," मेहुणा म्हणाला.

आम्ही तिथेच उभे राहिलो. घरी जा असं कोणी कोणाला म्हणालं नाही. फुलवाल्याने व्हॅन धुतली, फडकं पिळलं, आमच्याकडे पाहिलं आणि आत गेला. मेहुण्याने मला विचारलं की गाडी गियरमध्ये ठेवायची तर कुठल्या. मी सांगितलं, पहिल्या. बहुतेक. बायको मोबाइल पाहत होती, पण तो बंद होता.

मग गाडीचा आवाज आला. सासूबाई वळणावरून आल्या, नवा चष्मा लावून, आणि आमच्यासमोर येऊन थांबल्या. काच खाली केली.

"तुम्ही अजून इथेच?" त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा. गाडी आत घ्यायचीय."